हो, पण

"खैरमोडे, व्हॉल्व्ह उघडा अडकला. हो की नाही?"

"हो, पण..."

"पण नको. लिहून घ्या, हो."

लघुलेखकाने लिहून घेतलं. डॉ. केळुसकरांनी पेनचं टोपण लावलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. लांब टेबलाच्या पलीकडे समितीचे पाच जण बसले होते आणि अलीकडे खुर्चीच्या कडेवर टेकलेले वसंत खैरमोडे. त्यांचं तोंड 'पण' म्हणून अजून उघडंच होतं. त्यांनी ते मिटलं आणि खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

मी भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले होते. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली, पण ते टोपण लावल्याचा 'टक्' आवाज आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

आमची संस्था पुण्याबाहेर, टेकडीच्या आडोशाला. तिचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. आम्ही एक प्लॅटफॉर्म बनवला होता. रॉकेटने वर न्यायचा, सोडायचा आणि मग त्याने स्वतःला सावरत, न डोलता, आपली दुर्बीण एका दिशेला रोखून धरायची. सावरण्यासाठी त्याच्या अंगावर गॅसचे छोटे फवारे होते. डावीकडे कलला की एक फवारा, उजवीकडे कलला की दुसरा. फवारा सोडायचा-थांबवायचा तो व्हॉल्व्ह खैरमोड्यांचा आणि कधी सोडायचा, कधी थांबवायचा हे ठरवणारा कंट्रोलर केळुसकरांचा. उड्डाण झालं, प्लॅटफॉर्म वर गेला, काही वेळ नीट उभा राहिला, मग एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. सगळा गॅस निघून गेला आणि आमची चार वर्षांची मेहनत आकाशात गरगरत संपली.

म्हणून ही चौकशी समिती. अध्यक्ष जामखेडकर, बाहेरून बोलावलेले निवृत्त अधिकारी. आणि सदस्य-सचिव कोण, तर डॉ. प्रभाकर केळुसकर! ज्यांचा कंट्रोलर तपासायचा, तेच प्रश्न विचारणार आणि तेच अहवाल लिहिणार. यात काही वावगं आहे असं त्या खोलीत कुणालाही वाटलं नाही. वाटलं असलं तरी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

केळुसकरांची एक सवय अख्ख्या संस्थेला ठाऊक होती. कुणी काही समजावून सांगायला लागलं की ते हात वर करायचे. "निबंध नको. हो की नाही?" नवीन लोकांना हा मोठा खंबीरपणा वाटायचा. मलाही सुरुवातीला वाटला होता.

बैठक संपली तेव्हा जामखेडकर म्हणाले, "उद्या सकाळी अहवालावर सह्या. खैरमोडे, तुमचीही लागेल. व्हॉल्व्ह विभागाचं पुढे काय करायचं तेही त्यातच येईल."

पुढे काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं. विभाग बंद करायचा आणि व्हॉल्व्ह परदेशातून आणायचे. खैरमोड्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तीस वर्षं ज्या माणसाने एका बोटाएवढ्या व्हॉल्व्हवर घालवली, तो 'ज्याच्या व्हॉल्व्हने प्लॅटफॉर्म घालवला तो' म्हणून घरी जाणार होता.

कँटीनमध्ये ते चहात बिस्किट बुडवून बसले होते. बिस्किट केव्हाच चहात पडलं होतं. मी समोर बसले.

"खैरमोडे साहेब, तुम्ही सही करणार नाही."

"जाऊ द्या हो, दुधाणेबाई."

"काय जाऊ द्या? तुमचं वाक्यसुद्धा पूर्ण होऊ दिलं नाही त्यांनी!"

"वाक्यात तरी काय होतं? अडकला हे खरंच आहे." त्यांनी कप बाजूला सारला. "मला एकच कळत नाही. व्हॉल्व्ह पाच हजार सायकल मी स्वतः चालवून दिला होता. माझ्या चाचणीच्या बाकावर, माझ्यासमोर. केळुसकर म्हणतात, उड्डाणात सहाशेच सायकल झाल्या. पाच हजार झेलणारा सहाशेत कसा मरतो? त्याची सीट, जिच्यावर तो मिटतो ती बैठक, मी माझ्या हाताने घासून बसवली होती. म्हणजे माझंच काही चुकलं असणार."

"तुमचं नाही चुकलं."

"तुम्हाला काय माहीत?"

मला काय माहीत होतं ते सांगते, म्हणजे माझ्या रागाचं मूळ कळेल.

केळुसकरांचा कंट्रोलर चालू-बंद जातीचा. घरातली इस्त्री असते तसा. तापली की बंद, निवली की चालू, मधलं काही नाही. फवारा सोडायचा तर पूर्ण, थांबवायचा तर पूर्ण. 'जरासा सोड' ही भाषाच त्याला येत नाही. असा कंट्रोलर बनवायला सोपा, स्वस्त आणि वजनाला हलका. म्हणून आमच्या धंद्यात तो लाडका. पण तो कशालाच स्वस्थ उभं राहू देत नाही. प्लॅटफॉर्म डावीकडे कलला की ढकल, तो मध्य ओलांडून उजवीकडे गेला की परत ढकल. जन्मभर इकडून तिकडे. म्हणून मध्ये एक पट्टा सोडतात. या पट्ट्याच्या आत असलास तर काही करायचं नाही, गप्प बस. पट्टा रुंद ठेवला तर प्लॅटफॉर्म थोडा जास्त डोलतो, पण गॅस वाचतो आणि व्हॉल्व्हला विश्रांती मिळते.

उड्डाणाच्या आधी काही महिने केळुसकर दिल्लीला जाऊन सांगून आले, की आमचा प्लॅटफॉर्म आधी कबूल केला त्याच्या निम्माच डोलेल. तिथे टाळ्या पडल्या. परत आल्यावर त्यांनी पट्टा अरुंद करून टाकला.

मी तेव्हा त्यांच्याच गटात होते. मी म्हटलं होतं, "सर, कल मोजणारा जायरो स्वतःच थोडा थरथरतो. पट्टा इतका अरुंद केला तर ती थरथर आणि खरा कल यातला फरक कंट्रोलरला कळणार नाही. निदान उघडण्याची रेषा एक आणि मिटण्याची दुसरी ठेवू, म्हणजे काठावर धरसोड होणार नाही."

"निबंध नको, मिसेस दुधाणे. अरुंद पट्ट्यावर प्लॅटफॉर्म उभा राहील? हो की नाही?"

"राहील, पण..."

"राहील म्हणतात. पुढे."

आणि दुसऱ्या आठवड्यात मला त्या कामावरून उचलून मॅन्युअलं लिहायला बसवलं. ज्या चाचणी-टेबलाचा एकेक स्क्रू मी आवळला होता, त्या हॉलमध्ये मी उड्डाणापर्यंत पाऊल टाकू शकले नाही. खैरमोड्यांचा विभाग तर दुसऱ्याच इमारतीत. एकदा व्हॉल्व्ह दिला की त्याचं पुढे काय होतं ते बघायला त्यांना कुणी बोलावत नसे.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"तुमचा व्हॉल्व्ह कसा चालला ते ऐकायला."

हॉल रिकामा होता. मधोमध ते टेबल. हवेच्या पातळ गादीवर तरंगणारं, बोट लावलं तरी फिरणारं. त्यावर प्लॅटफॉर्मचा जुळा भाऊ बसवलेला होता आणि त्यात खैरमोड्यांचेच व्हॉल्व्ह होते. कंट्रोलरमध्ये उड्डाणाचा अरुंद पट्टा तसाच भरलेला होता, कुणी हात लावला नव्हता. मी नियंत्रणाच्या खोलीत जाऊन हवा चालू केली, गॅस सोडला आणि परत बाहेर येऊन त्या खोलीचं काचेचं दार उघडं ठेवलं.

टेबल कललं. काठाला आलं. आणि आवाज सुरू झाला.

खैरमोड्यांना वाटलं होतं ठक् होईल, मग शांतता, मग दुसऱ्या बाजूने ठक्. त्यांच्या बाकावर तसंच व्हायचं. इथे तर्रर्रर्र झालं. टेबल जरा सरकलं, क्षणभर गप्प, पुन्हा तर्रर्रर्र.

ते एकदम ताठ झाले. त्यांनी व्हॉल्व्हवर तळहात ठेवला. दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. ते तबला वाजवायचे हे मला गणपतीतल्या कार्यक्रमामुळे माहीत होतं. आमच्या कार्यालयात त्याची थट्टाच व्हायची.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"कंट्रोलर. काठावर आला की जायरो थरथरतो. तो म्हणतो गेला, नाही गेला, गेला, नाही गेला. आणि हा दर वेळी मुकाट्याने उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो."

"आणि हे सगळं मिळून किती सायकल झाल्या?"

"कंट्रोलच्या हिशोबाने? डावीकडून उजवीकडे जाऊन परत आलं की एक सायकल."

"एक?"

"एक. प्लॅटफॉर्मची सायकल."

"अहो, पण मी सायकल म्हणतो ती व्हॉल्व्हची! एकदा उघडला, एकदा मिटला, झाली एक सायकल. आम्ही तीस वर्षं यालाच सायकल म्हणतो!"

व्हॉल्व्ह तडतडत होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो. एकाच संस्थेत, एकाच बैठकीत, एकाच कागदावर हा शब्द दोन्ही बाजूंनी लिहिला होता. त्यांनी लिहिलं पाच हजार, केळुसकरांनी लिहिलं सहाशे. भरपूर झालं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

खैरमोडे टेबलाच्या काठाशी वाकले. एका फेरीभर त्यांची बोटं व्हॉल्व्हबरोबर वाजली. मग दुसऱ्या फेरीभर. मग ते सरळ झाले.

"तीसेक बोल आहेत एका आवर्तनात."

"म्हणजे?"

"तीनताल सोळा मात्रांचा. सोळा झाल्या की एक आवर्तन. पण त्या सोळा मात्रांत मी सोळा बोल वाजवीन, नाहीतर तिरकिट घालून चौसष्ट वाजवीन. आवर्तन एकच. केळुसकरांनी आवर्तनं मोजली आहेत, दुधाणेबाई. मार बसतो तो बोलांचा. तबल्याची पुडी फाटली की आवर्तनं किती झाली असं कुणी विचारत नाही." ते थांबले. "सहाशे गुणिले तीस. अठरा हजार."

"पाच हजारांची हमी होती."

"आणि अठरा हजार वाजला." त्यांनी व्हॉल्व्हवर हात फिरवला, तापलेल्या कपाळावर फिरवावा तसा. "बिचारा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या डोळ्यांत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी तशीच केळुसकरांच्या खोलीत गेले. दारावर टकटक केली की नाही, आठवत नाही.

"सर, अरुंद पट्ट्यावर टेबल चालताना तुम्ही स्वतः हॉलमध्ये होतात?"

"होतो. का?"

"आवाज ऐकलात?"

"ऐकला म्हणजे काय, डोकं उठायचं. म्हणून तर काचेचं दार लावून घ्यायला सांगितलं मी."

एवढं म्हणून त्यांनी फाइलमध्ये डोकं घातलं. लाज नाही, भीती नाही, लपवाछपवीसुद्धा नाही. एक यंत्र तडतडून सांगत होतं की मी मरतोय, आणि या माणसाने दार लावून घेतलं होतं. लबाडी असती तर मी समजू शकले असते. ही नुसती बेफिकिरी होती आणि तिचाच मला जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समितीसमोर उभी राहिले. मला बोलावलेलं नव्हतं. सायकल या शब्दाचा घोळ मी सांगितला. माझा आवाज चढला होता, मला ते ऐकू येत होतं.

जामखेडकरांनी चष्मा वर केला. "म्हणजे एका सायकलमध्ये व्हॉल्व्ह अनेकदा उघडतो, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं नाही, साहेब. हॉलमध्ये चला, ऐकवते."

"मी सांगतो," खैरमोडे म्हणाले. ते आपण होऊन बोलले याचंच सगळ्यांना नवल वाटलं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "साहेब, हे बघा, ही एक सायकल..." आणि त्यांची बोटं टेबलाच्या लाकडावर वाजू लागली.

"खैरमोडे," केळुसकर म्हणाले, "ही बैठक आहे. मैफल नाही."

सगळे हसले. जामखेडकरही हसले. खैरमोड्यांनी हात उचलले आणि मांडीवर घेतले. त्यांचे कान लाल झाले होते. ते हसू मी विसरलेले नाही. हसणाऱ्या पाचही जणांची नावं मला पाठ आहेत.

मग मी केळुसकरांकडेच वळले.

"सर, एक सरळ प्रश्न. पट्टा अरुंद केल्यावर तुम्ही व्हॉल्व्ह विभागाला कळवलंत? निबंध नको. हो की नाही?"

केळुसकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"प्रश्न दिसतो तितका सोपा नाही," ते म्हणाले.

आणि त्यांनी निबंध सुरू केला! अचूकतेची गरज काय, दिल्लीची अपेक्षा काय, विभागाविभागांतल्या समन्वयाची परंपरा कशी, कळवणं म्हणजे नेमकं काय, तोंडी की लेखी, औपचारिक की अनौपचारिक, परदेशात काय करतात. चहा आला, तो निवला, त्याच्यावर साय आली, तरी बोलणं चालूच. आणि जामखेडकर मान डोलावत होते. "बरोबर... हो, तेही आहेच... समजू शकतो." एकदाही कुणी म्हणालं नाही, की डॉक्टर, हो की नाही?

खैरमोड्यांच्या वाट्याला दोन अक्षरंसुद्धा आली नव्हती. 'पण'च्या आतच त्यांना मिटवलं होतं. यांना मात्र हो आणि नाहीच्या मधली सगळी जागा मोकळी होती, ऐसपैस.

शेवटी जामखेडकरांनी समारोप केला. "शब्दाच्या वापरात थोडी संदिग्धता राहिली, ही नोंद आपण घेऊ. त्यात कुणा एकाला दोष देता येणार नाही. पण व्हॉल्व्ह अडकला हे मूळ कारण, ते तर खुद्द खैरमोड्यांनी काल मान्य केलंच आहे. आपल्याकडे त्यांचं 'हो' आहे."

मी म्हटलं, "साहेब, ते 'हो, पण' होतं."

"तसं लिहिलेलं नाही," लघुलेखकाकडे न बघताच केळुसकर म्हणाले.

कागद फिरला. खैरमोड्यांनी सही केली. मी बाहेर व्हरांड्यात त्यांना गाठलं. मला रडू येत होतं, पण ते रागाचं होतं आणि तो राग त्या घडीला त्यांच्यावरच होता.

"का केलीत सही?"

"जाऊ द्या हो, दुधाणेबाई," ते म्हणाले. "आपलं आपल्याला कळलं ना? पुरे झालं."

ते जिना उतरून गेले. इतका चांगुलपणा असू नये माणसात. समोरच्याला अन्याय करणं सोपं जातं त्याने.

व्हॉल्व्ह विभाग बंद झाला. बाक, मोजयंत्रं, सगळं एका खोलीत रचून कुलूप लावलं. खैरमोड्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभात केळुसकरांनी त्यांना शाल पांघरली आणि त्यांच्या तबल्याचं कौतुक केलं.

परदेशी व्हॉल्व्ह आले. गुळगुळीत डब्यांत, फोमच्या खाचांत बसवलेले. सोबतच्या पत्रकावर हमी स्वच्छ लिहिली होती, दहा हजार वेळा उघडझाप. 'सायकल' हा शब्द कुठेच नव्हता. ते टेबलावर चढवले, तोच कंट्रोलर, तोच अरुंद पट्टा. पहिला व्हॉल्व्ह नऊ हजारांच्या आत उघडा अडकला. दुसरा त्याच्याही आधी.

त्यानंतर एका सोमवारी कंट्रोल गटाचं परिपत्रक फिरलं. पट्टा रुंद करण्यात येत आहे. उघडण्याची रेषा एक, मिटण्याची रेषा दुसरी. 'सुधारित तर्कपद्धती, डॉ. प्र. केळुसकर.' माझंच वाक्य होतं ते, जवळजवळ शब्दशः. फक्त 'पण' काढून टाकला होता.

मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि स्कूटर काढून थेट दापोडीला गेले.

खैरमोडे वहिनींनी दार उघडलं. "या. ते आत आहेत. बोलतील की नाही माहीत नाही. तबल्याला महिनोन्महिने हात नाही लावलेला. कुणी विचारलं की म्हणतात, इथे मैफल नाही."

ते पलंगावर पाय सोडून बसले होते. वाळले होते. कोपऱ्यात तबला-डग्गा चादरीखाली झाकलेला. मी त्यांना सगळं सांगितलं. परदेशी व्हॉल्व्ह, नऊ हजार, परिपत्रक, त्यावरचं नाव, आणि आवाज नको म्हणून केळुसकरांनी लावून घेतलेलं ते काचेचं दारही. मला वाटलं होतं ते हसतील, निदान सुटकेचा श्वास टाकतील.

"नऊ हजार?" त्यांनी विचारलं.

"नऊच्या आतच."

"आणि माझा अठरा चालला."

"हो."

"दुप्पट. आणि आता पट्टा रुंद केला म्हणता. म्हणजे कारण काय होतं ते त्यांना कळलं."

"कळलंच असणार. नाहीतर बदललं कशाला असतं?"

"मग अहवालात बदल केला?"

"अहवालात कशाला करतील? तो तसाच आहे. मूळ कारण, व्हॉल्व्हचं अपुरं आयुष्य. तुमच्या सहीसकट."

त्यांच्या मानेवरची शीर उडत होती. वहिनी चहा घेऊन दारातच थबकल्या. मला एकदम अपराधी वाटलं, की आजारी माणसाला उगाच येऊन त्रास दिला. मी त्यांचंच वाक्य त्यांना दिलं.

"जाऊ द्या हो, खैरमोडे साहेब."

"का जाऊ द्यायचं?"

ते इतक्या मोठ्यांदा ओरडले की वहिनींच्या हातातल्या बशीत चहा सांडला.

"का म्हणून जाऊ द्यायचं? हरामखोर साले! दार लावून घेतलं! मी रात्र-रात्र पडून विचार करतोय, की माझ्या हाताने सीट घासताना कुठे चुकलो, आणि हा तिकडे पट्टा रुंद करतोय? स्वतःच्या नावाने?" ते उभे राहिले. "माझा शर्ट कुठाय?"

त्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच शिवी ऐकली. वहिनींनीही बहुतेक पहिल्यांदाच ऐकली असावी. खरं सांगते, कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"कुठे जायचंय?" मी विचारलं.

"जामखेडकर कुठे राहतात?"

"प्रभात रोडला."

"काढा स्कूटर."

वाटेत ते मागे बसले होते आणि माझ्या सीटच्या कडेवर त्यांची बोटं वाजत होती, अखंड. त्या अहवालात पुढे जी दुरुस्ती झाली, व्हॉल्व्ह विभागाचं कुलूप जिच्यामुळे निघालं, तिची सुरुवात त्या संध्याकाळी झाली. ती माझ्यामुळे झाली असं लोक म्हणतात. तसं नाही. मी फक्त स्कूटर चालवली.

जामखेडकरांनी स्वतःच दार उघडलं. घरातला सदरा, हातात वर्तमानपत्र. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"खैरमोडे? काय काम काढलंत?"

"तुमच्या समितीने मला एक प्रश्न विचारला होता, साहेब. माझं उत्तर अर्धं राहिलंय."

त्यांनी चपला काढल्या. 'या' म्हणायची वाट न बघता ते आत गेले, सोफ्यावर बसले, समोरच्या टीपॉयवरचा फ्लॉवरपॉट उचलून खाली ठेवला आणि मोकळ्या झालेल्या लाकडावर दोन्ही हात ठेवले. आता ते कडेवर टेकले नव्हते, पाठ टेकून नीट बसले होते.

जामखेडकरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मला जरा बाहेर जायचंय. थोडक्यात सांगता येईल?"

"नाही," खैरमोडे म्हणाले. "थोडक्यात सांगून झालंय."